पाडवा आणि भाऊबीज

दिवाळीत पाडवा आणि भाऊबीज हे दोन सण पाठोपाठ यावेत, ही आपल्या पंचांगाची मोठी गंमत आहे. पाडव्याला गृहस्थ पाटावर बसतो, बायको त्याला ओवाळते आणि तो तबकात ओवाळणी टाकतो. पुढे भाऊबीजेला तोच गृहस्थ बहिणीच्या घरी पाटावर बसतो. माणूस तोच, टोपी तीच. पण मधल्या एका रात्रीत त्याचे कायद्याविषयीचे मत पार फिरलेले असते. पाडव्याला तो नवरा असतो. तेव्हा त्याला वाटते की, सगळे कायदे बायकांच्या बाजूचे झाले, पुरुषाला कोणी वाली उरला नाही. भाऊबीजेला तो भाऊ असतो. बहिणीने पदराखाली झाकलेला दंडावरचा काळानिळा वळ त्याला दिसतो आणि तो चिडून विचारतो, "या देशात कायदा म्हणून काही आहे की नाही?"

हा लेख त्या गृहस्थासाठी आहे. तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या घरात तो आहे. मी वकील नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे, आणि रिकाम्या वेळी कादंबऱ्या लिहितो. पण शाळामास्तराच्या टेबलावर गावातले पुष्कळ कागद येतात, आणि ते वाचल्यावाचून त्याला सुटका नसते.

तसे दोन कागद एकदा माझ्याकडे एकाच दिवशी आले. मुलगा चौथीतला. घर शिरूर तालुक्यातले, आई भीमेपलीकडची, दौंड तालुक्यातली. दिवाळीच्या सुटीत मुलगा आईबरोबर आजोळी गेला, तो परत आलाच नाही. एका कागदात आईने त्याचा दाखला मागितला होता. दुसऱ्यात बापाने लिहिले होते, 'दाखला देऊ नये.' पाठोपाठ फिर्यादीची हकीगतही कळली. फिर्यादीत नवरा, सासू, सासरा, दीर, जाऊ आणि नाशिकला नांदणारी नणंद अशी सहा नावे. नणंद दोन वर्षांत माहेरी फिरकलेली नव्हती. मग कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली एक अर्ज झाला, मग पोटगीचा निराळा अर्ज झाला. मजकूर तिन्हींत जवळजवळ एकच, तारखा मात्र तीन. मुलाचे आजोबा न्हावरे-चौफुल्याच्या रस्त्याने एस.टी.ने हेलपाटे घालू लागले.

एक दिवस ते शाळेत आले आणि बाकावर बसले. म्हणाले, "गुरुजी, घरात भांडणं झाली, नाही म्हणत नाही. पोरानं एकदा हात उचलला असंल, तर त्याला शिक्षा करा. पण माझ्या लेकीनं काय केलं? खोटं लिहिणाऱ्याला कायद्यात काही शिक्षा हाय का नाही?"

मी म्हटले, "आहे, आबा."

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही? आम्हाला तर सांगत्यात, उलट केस टाका. सुनंनं दागिनं चोरलं म्हणून लिहा."

"चोरले का?"

आबांनी मान हलवली. "तिचं तिनंच नेलं. चोरी कसली?"

आता दुसरी गोष्ट ऐका. तीही आमच्याच भागातली. एका बाईचा हात प्लास्टरमध्ये होता. मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. तिने फिर्याद केली आणि चार वर्षे तारखा पाहिल्या. मग थोरल्या मुलीला स्थळ आले. "कोर्टातली केस मिटल्याशिवाय सोयरीक नको," असे पाहुण्यांनी बजावले. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मला नीट आठवत नाही." नवरा निर्दोष सुटला. पारावर पेढे वाटले गेले, आणि गावाने निकाल दिला: बघा, खोटी केस होती! केस खोटी नव्हती, बाई थकली होती.

वाचकहो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. माझे सगळे म्हणणे त्यांच्या मधल्या फटीत आहे. सिद्ध न झालेली तक्रार आणि खोटी तक्रार या दोन निराळ्या वस्तू आहेत. आपला समाज त्या एकाच पोत्यात भरतो आणि मग त्या पोत्याचे वजन करून आकडे सांगतो.

ते आकडेही पाहू. नवऱ्याच्या व नातेवाइकांच्या छळाविरुद्धचे भारतीय दंड संहितेतले ४९८-अ हे कलम १९८३ साली आले. १ जुलै २०२४ पासून तोच अपराध भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. २०१४ साली अर्नेशकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालचे आकडे दिले होते. त्या एका वर्षात या कलमाखाली १,९७,७६२ माणसांना अटक झाली. शंभरांतल्या ९३.६ प्रकरणांत दोषारोपपत्र गेले, आणि शिक्षेचे प्रमाण पडले अवघे १५ टक्के. पाडव्याचा गृहस्थ लगेच वजाबाकी करतो: उरलेल्या ८५ खोट्या! ही वजाबाकी मी चौथीच्या वर्गातही बरोबर धरणार नाही. त्या ८५ मध्ये आबांच्या लेकीवरची केस असेल, तशी प्लास्टरच्या हाताचीही असेल. चार भिंतींआडच्या गोष्टीला साक्षीदार कोण आणायचा? समेट झाला की फिर्यादीच गप्प बसते. हा आकडा अटकेची घाई आणि तपासाचा ढिलेपणा दाखवतो. खोटेपणा मोजण्याचे ते माप नव्हे.

आणि भाऊबीजेचा गृहस्थ जेव्हा म्हणतो की, कुठली बाई उगीच कोर्टात जाईल, तेव्हा त्यालाही मी थांबवीन. राग, सूड, हट्ट, लोभ हे काही पुरुषांनीच मक्त्याने घेतलेले नाहीत. बाई माणूसच आहे, आणि माणूस खोटे बोलतो. तिच्या कैवारासाठी तिला देवी करण्याची गरज नाही.

मग खोट्या तक्रारीवर उपाय काय? 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण बापजाद्यांपासून ऐकत आलो. माझे या म्हणीशी भांडण आहे. शहाणा पायरी चढला नाही, म्हणजे ती पायरी लबाडाला मोकळी राहिली. तेव्हा आबांना जे सांगितले, तेच पायरी-पायरीने सांगतो.

पहिली पायरी पोलीस ठाण्याची. फिर्याद झाली की सगळ्या घराला बेड्या पडतात, ही भीती २०१४ नंतर बाळगण्याचे कारण नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अपराधात पोलिसांनी गरज असेल तरच, आणि कारणे लिहूनच अटक करायची आहे. नाहीतर आधी नोटीस द्यायची. आज हा नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५ व्या कलमात आहे. नोटीस आली की पळू नये. ठरल्या वेळी कागदांसह हजर व्हावे. हजर राहणाऱ्याला संरक्षण आहे. आळंदीला किंवा मुंबईला जाऊन लपणाऱ्याला नाही. अटकेची खरीच धास्ती असेल, तर अटकपूर्व जामिनाचे दार उघडे आहे.

दुसरी पायरी नातेवाइकांची. आबांची लेक इथे मोडते. तारीख नाही, जागा नाही, कृत्य नाही, नुसते 'सर्वांनी मिळून छळ केला' एवढ्यावर नवऱ्याच्या सगळ्या गोतावळ्याला खटल्यात ओढू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली आणि पुन्हा २०२४ च्या डिसेंबरात बजावले आहे. अशा नातेवाइकाने उच्च न्यायालयात जाऊन आपल्यापुरती फिर्याद रद्द करून मागावी. हा अधिकार पूर्वी ४८२ व्या कलमात होता, आता नव्या संहितेच्या ५२८ व्या कलमात आहे. नणंद नाशिकला राहत होती, हे दाखवायला तिचे शिधापत्र, मुलांच्या शाळेचे हजेरीपट, कामावरचे पगारपत्र हे कागद मोठ्या वक्तृत्वापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

तिसरी पायरी कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाची. हा कायदा २००५ चा, अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ रोजी. पुष्कळांना वाटते, अर्ज झाला म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो. तसे नाही. हा अर्ज संरक्षण, राहण्याचे छप्पर, खर्च आणि मुलांचा ताबा यांसाठी असतो. आदेश मोडला तरच अपराध होतो. मग मात्र एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आदेश पटला नाही तरी आधी पाळावा आणि मग त्याच्याशी लढावे. लढण्याच्या वाटा त्याच कायद्यात आहेत. अर्जाला मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे. परिस्थिती बदलली असेल, तर २५ व्या कलमाखाली आदेश बदलून किंवा रद्द करून मागावा. आदेश चुकीचा वाटला, तर २९ व्या कलमाखाली तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करावे.

हा सबंध अर्जच उच्च न्यायालयात रद्द करून मागता येतो का, यावर बरीच वर्षे वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने २०१६ साली 'नाही' म्हटले. न्यायमूर्ती अभय ओक त्यात होते. त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने पुढे ते मत चुकीचे ठरवले. १९ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ओक यांच्याच पीठाने सांगितले की, तसा अर्ज रद्द करता येतो. मात्र उघड बेकायदा किंवा घोर अन्याय असेल तिथेच, आणि फार जपून. आपले पूर्वीचे मत चुकले होते हे न्यायमूर्तींनी निकालपत्रातच मान्य केले, आणि न्यायाधीशांचेही शिकणे चालूच असते असे म्हटले. पारावर बसून एका वाक्यात निकाल देणाऱ्या आम्हा मंडळींनी हा परिच्छेद फळ्यावर लिहून ठेवावा.

याच पायरीवर सासवांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. हा कायदा सुनेचाच आहे असे समजू नका. मुंबईच्या एका मायलेकींच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले. तेव्हापासून एकाच घरात राहणाऱ्या नात्यातल्या बाईविरुद्धही अर्ज करता येतो. म्हाताऱ्या सासूला मारहाण होत असेल, तर तिच्यासाठीही हे दार आहे.

चौथी पायरी पुन्हा पुन्हा होणाऱ्या अर्जांची. एकाच घटनेबद्दल दुसरी फिर्याद नोंदवता येत नाही, हे २००१ पासून ठरलेले आहे. आणि निर्दोष सुटलेल्याला त्याच अपराधासाठी पुन्हा उभे करता येत नाही. मात्र नवा मार बसला, तर नवी तक्रार होणारच, आणि झालीच पाहिजे. पैशाच्या बाबतीत सर्वांत मोलाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातून, नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या प्रकरणातून आला. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी शिस्त घालून दिली. पोटगीचे निरनिराळे कायदे आहेत आणि एकीहून अधिक ठिकाणी अर्ज करता येतो. पण अर्जदाराने आधीचा अर्ज आणि आधीचा आदेश सांगितलाच पाहिजे, आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणी वळती झाली पाहिजे. नवरा आणि बायको दोघांनीही आपल्या मिळकतीचे आणि देण्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. ते खोटे निघाले, तर कारवाई दोघांपैकी कोणावरही होऊ शकते. हिंसाचाराच्या कायद्यातही २६ व्या कलमाखाली दुसरीकडून काही मिळाले असेल, तर ते न्यायालयाला सांगण्याचे बंधन बाईवर आहेच.

पाचवी पायरी खोट्या शपथेची, आणि आबांना हवी होती ती हीच. कुणाला इजा करण्याच्या हेतूने, कारण नसताना खोटा आरोप करणे हा न्याय संहितेच्या २४८ व्या कलमाखाली अपराध आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. न्यायालयात खोटा पुरावा देणाऱ्याला २२९ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत. पण न्यायालयापुढे झालेल्या खोटेपणाची फिर्याद आपण थेट करायची नसते. सुरक्षा संहितेच्या ३७९ व्या कलमाखाली त्याच न्यायालयाला अर्ज द्यायचा. त्याला योग्य वाटले, तर न्यायालय स्वतः फिर्याद करते. हे दार मुद्दाम अरुंद ठेवलेले आहे. कुठला शब्द, कुठल्या तारखेचा, कुठल्या कागदाने खोटा ठरतो, आणि तो जाणूनबुजून बोलला गेला का, एवढे दाखवावे लागते. 'सिद्ध झाले नाही' एवढ्यावर ते उघडत नाही. खोटे गुन्हेगारी आरोप हा मानसिक छळ ठरू शकतो आणि त्यावर घटस्फोटही मिळू शकतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ आणि २०१४ साली सांगितले आहे.

एवढ्या पायऱ्या असताना आमची माणसे करतात काय? सुनेवर चोरीची उलट केस घालतात. पोटगी चुकवायला नोकरी सोडतात, शेत भावाच्या नावावर करतात. तिची खासगी छायाचित्रे फोनवरून गावभर फिरवतात. खोट्याला खोट्याने उत्तर दिले की न्यायाधीशापुढे दोन लबाड उभे राहतात, आणि तुमच्या बाजूचे जे एक सत्य होते, तेही त्या राड्यात बुडते. आबांनी ती चोरीची फिर्याद केली नाही. मी त्यांना नमस्कार केला, तो वयाला नव्हे, त्या नकाराला.

तितकेच स्पष्ट मला माहेरच्या मंडळींनाही सांगायचे आहे. मुलीच्या अंगावर हात टाकणारा एक असतो. तुम्ही सहा नावे लिहिता, तेव्हा तुमची बाजू सहापट जड होत नाही, सहापट हलकी होते. नाशिकच्या नणंदेचे नाव खोटे ठरले की नवऱ्याचे खरे कृत्यही संशयात जाते. 'नावे जास्त घाला, म्हणजे लवकर मिटवतील' हा सल्ला देणारा तुमच्या मुलीचा हितकर्ता नव्हे. तो तिच्या दुःखावर सौदा करतो आहे.

आता नवी मागणी निघाली आहे: ज्या बाईची तक्रार सिद्ध होणार नाही, तिला तुरुंगात घाला. २०२४ च्या डिसेंबरात बंगळुरूच्या एका इंजिनिअरने पत्नीच्या खटल्यांविषयी बोलून जीव दिला, तेव्हा आमच्या गावातल्या सगळ्या फोनांवर हीच मागणी होती. २०२५ च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, मुळशी तालुक्यात, एका सुनेचा मृत्यू झाला. मग त्याच फोनांवरून सासरच्यांना फाशी द्या असा घोष झाला. हाच तो पाडवा आणि हीच ती भाऊबीज! प्रेत कुणाचे, त्यावर आमचे कायद्याचे मत ठरते. दोन्ही मृत्यूंचा न्याय न्यायालयाच्या हाती. पण मत बदलण्याआधी निदान एक रात्र थांबावे.

या नव्या मागणीला माझा ठाम विरोध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्क्यांनी कुणाची मदत मागितल्याचे आढळले. म्हणजे शंभरांतल्या ८६ जणी पायरी चढल्याच नाहीत. हरलीस तर तुरुंग, असे सांगितले की उरलेल्या चौदाही खाली उतरतील. प्लास्टरच्या हाताची बाई त्या कायद्याने गजाआड गेली असती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा पाहा. त्यात दुष्ट हेतूने केलेल्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे. पण तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून कारवाई नाही, हेही तिथेच लिहिले आहे. भेद हाच आहे आणि तो सोडून चालणार नाही.

दौंड तालुक्यात केडगाव आहे. रेल्वेने जाताना स्टेशन दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्तिसदन उभे केले. त्या काळी घराबाहेर पडलेल्या बाईला कोर्ट नव्हते, कलम नव्हते, संरक्षण अधिकारी नव्हता; केडगावचे दार होते. ते दार कोर्टापर्यंत यायला शंभर वर्षे लागली. कुणी खोटी तक्रार केली म्हणून ते दारच भिंतीत चिणून टाकणे हा शहाणपणा नव्हे.

मग मागायचे काय? २००५ च्या कायद्यात लिहिले आहे की, अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी ठेवावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. साठ दिवस! नोटीस बजावण्यातच साठ दिवस जातात, हे कोर्टाच्या आवारात बसणारा कोणीही सांगेल. लांबलेली तारीख खोटे बोलणाऱ्याचे भांडवल आहे आणि खरे सोसणाऱ्याची शिक्षा आहे. साठ दिवसांत निकाल लागला असता, तर नाशिकची नणंद दोन महिन्यांत मोकळी झाली असती, प्लास्टरच्या बाईला चार वर्षे थकावे लागले नसते, आणि त्या मुलाचा दाखला माझ्या टेबलावर लोंबकळला नसता. तेव्हा मोर्चा काढायचा असेल, तर तो या साठ दिवसांसाठी काढा. तालुक्याला पुरेसे न्यायाधीश मागा. दुसऱ्या कामांना न जुंपलेला संरक्षण अधिकारी मागा. तालुका विधी सेवा समितीत बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो आणि गरीब पुरुषालाही मिळतो, याची पाटी प्रत्येक ग्रामपंचायतीत लावून घ्या. या मोर्चात नवऱ्याची आई आणि बायकोची आई शेजारी शेजारी चालू शकतील. अशी दुसरी मागणी मला माहीत नाही.

यंदा पाडव्याला पाटावर बसाल, तेव्हा उद्याची भाऊबीज आठवा. आणि भाऊबीजेला बहिणीच्या घरी जेवायला बसाल, तेव्हा वाढणाऱ्या तिच्या सासूकडेही एकदा पाहा. तीही कुणाची तरी बहीण आहे, आणि उद्या एखाद्या फिर्यादीत तिचे नाव सहावे असू शकते.

तो चौथीतला मुलगा आता सातवीत आहे. त्याच्या घरच्या खटल्यातले खरे किती आणि खोटे किती, हे मला अजून ठाऊक नाही. न्यायालयालाही अजून ठरवता आलेले नाही. परवा आबा भेटले. मी विचारले, "काय म्हणतोय नातू?"

"बोलतो फोनवर," आबा म्हणाले. "परवा विचारत होता, निकाल लागल्यावर दिवाळी कुठं करायची?"

मी त्यांना तारीख विचारली नाही.